पार्लरचा विमा नेमका कशाचा?

सुरतच्या उत्तर भागात, तापीच्या डाव्या तीरावर वसलेल्या कतारगामची ओळख हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांमुळे आहे. परंतु येथील सोसायट्यांच्या तळमजल्यांवर, व्यापारी संकुलांच्या पहिल्या मजल्यांवर आणि राहत्या घराच्या पुढच्या खोलीत चालणारी ब्यूटी पार्लरे हाही या परिसराच्या अर्थव्यवहाराचा भाग आहे. शहराच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत स्थिरावलेल्या खानदेशी कुटुंबांतही घरगुती पार्लर हा परिचित व्यवसाय आहे. अशा व्यवसायासाठी विमा घेताना बहुधा दुकानाचा विमा घेतला जातो, म्हणजे खुर्च्या, आरसे, वातानुकूलन यंत्र आणि मालाचा साठा यांना संरक्षण मिळते. पण ज्या कामामुळे ग्राहक पार्लरमध्ये येतो, त्या कामातून उद्भवणारी जोखीम तशीच उघडी राहते. विम्याची निवड चुकते ती मुख्यतः येथे.

मालमत्तेच्या विम्याची बाजू तुलनेने सोपी आहे. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी लागू केली असून, एका ठिकाणच्या मालमत्तेचे एकूण मूल्य ५ कोटी रुपयांपर्यंत असलेल्या व्यवसायांसाठी ती आहे. आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दंगल अशा आपत्तींचा तिच्यात समावेश होतो. यांपैकी पुराला कतारगामच्या संदर्भात वेगळे महत्त्व आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे तापीला आलेल्या महापुरात सुरतचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला होता, आणि आजही सिंगणपोर व रांदेर यांना जोडणाऱ्या कॉजवेवर पाण्याची पातळी ६ मीटरपर्यंत पोहोचली की तो वाहतुकीसाठी बंद केला जातो. तळमजल्यावरील पार्लरने हप्ता वाचवण्यासाठी पूर, वादळ यांचा भाग वगळून घेणे म्हणूनच अविचाराचे ठरते. आगीचा धोकाही केवळ कागदावरचा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरतच्याच सिटीलाइट भागात व्यायामशाळा आणि स्पा-सलून असलेल्या ठिकाणी लागलेल्या आगीत दोन महिलांचा मृत्यू झाला.

विमा रक्कम ठरवताना मात्र काळजी घ्यावी लागते, कारण विमा रक्कम म्हणजे हातात येणारी भरपाई नव्हे, ती भरपाईची कमाल मर्यादा असते. एखाद्या पार्लरमधील सामानाचे मूल्य १० लाख रुपये असताना विमा ६ लाखांचाच घेतला आणि २ लाखांचे नुकसान झाले, तर विमा कंपनी त्याच प्रमाणात, म्हणजे १ लाख २० हजार रुपये देते. यास न्यून-विमा म्हणतात. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट दुर्लक्षिली जाते, त्यापलीकडची नाही. जुनी बिले हाती धरून रक्कम ठरवण्यापेक्षा तीच खुर्ची, तेच स्टीमर आज नवे घेण्यास किती खर्च येईल हे पाहून ती ठरवावी, आणि लग्नसराईच्या आधी भरलेला माल त्यात धरावा. या पॉलिसीत सर्वसाधारण घरफोडी येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. तीही दार वा कुलूप तोडून केलेल्या प्रवेशाची खूण असेल तरच लागू पडते. एखाद्या यंत्रात शॉर्टसर्किट होऊन केवळ तेच यंत्र जळाले तर त्या यंत्राची भरपाई आगीच्या विम्यातून मिळत नाही, ती आग इतर सामानापर्यंत पसरली तर त्या सामानाची मिळते. म्हणून महागड्या यंत्रांसाठी विद्युत उपकरणांचा स्वतंत्र विमा लागतो. राहत्या घरात पार्लर चालवणाऱ्या स्त्रीने तर घराच्या विम्यावर विसंबून राहूच नये, कारण तो निवासी वापर गृहीत धरून दिलेला असतो.

खरा गुंता दायित्व विम्यात, म्हणजे दुसऱ्याचे नुकसान झाल्यास द्याव्या लागणाऱ्या भरपाईच्या विम्यात आहे. त्याचे दोन प्रकार आहेत. ओल्या फरशीवर पाय घसरून ग्राहकाचा हात मोडला, तर ती जागेशी संबंधित इजा होय आणि ती सार्वजनिक दायित्व विम्यात बसते. केसांच्या रंगाने टाळू आणि पापण्या सुजल्या, वॅक्स जास्त तापल्याने कातडी सोलली किंवा फेशियलनंतर चेहऱ्यावर डाग पडले, तर ती कामातून झालेली इजा ठरते. सार्वजनिक दायित्व पॉलिसीत व्यावसायिक सेवेतून होणारी अशी इजा सामान्यतः वगळलेली असते आणि तिच्यासाठी व्यावसायिक दायित्वाचे संरक्षण निराळे मागून घ्यावे लागते. दुकानदारांच्या एकत्रित पॉलिसीत 'दायित्व' असा शब्द दिसला म्हणून निश्चिंत होणाऱ्यांची फसगत होते ती या भेदामुळेच.

काळ्या आणि गडद रंगांच्या बहुतेक टिकाऊ हेअर कलरमध्ये पॅराफेनिलीनडायमिन, संक्षेपाने पीपीडी, हे रसायन असते आणि काही व्यक्तींना त्याची तीव्र ॲलर्जी असते. ती आधी कळावी म्हणून कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस थोडा रंग लावून ४८ तास वाट पाहण्याची पॅच टेस्ट करतात. लग्नसराईत, संध्याकाळच्या समारंभासाठी सकाळी आलेल्या ग्राहकाला ही चाचणी नकोशी वाटते, आणि दाव्याच्या वेळी नेमका हाच प्रश्न विचारला जातो: चाचणी केली होती का, आणि तिची नोंद कोठे आहे? तारीख, उत्पादनाचे नाव, बॅच क्रमांक आणि ग्राहकाची सही असलेली साधी वही येथे पॉलिसीइतकीच मोलाची ठरते. निरुपद्रवी वाटणाऱ्या कामातही धोका असतो. अमेरिकी मज्जातज्ज्ञ मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ मध्ये, केस धुण्यासाठी मान बेसिनवर मागे ताणल्यानंतर मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळा आलेल्या ५ स्त्रियांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती.

याच कारणासाठी पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे विम्याचा तपशील देणाऱ्या पानावर, व्यवसायाचे वर्णन काय लिहिले आहे हे सर्वांत आधी वाचावे. तेथे फक्त 'ब्यूटी पार्लर' असे असेल आणि प्रत्यक्षात केरॅटिन, केमिकल पील, लेझरने केस काढणे, मायक्रोनीडलिंग अशी कामे चालत असतील, तर विमा कंपनी ती कामे कळवलीच नव्हती असे म्हणू शकते. विम्याचा करार परम सद्भावावर, म्हणजे दोन्ही बाजूंनी महत्त्वाची कोणतीही माहिती न दडवण्यावर उभा असतो. म्हणून कामांची संपूर्ण यादी प्रस्तावासोबत लेखी द्यावी, वधूच्या घरी जाऊन केलेला मेकअप संरक्षणात धरला आहे का हे विचारावे आणि एजंटाचे तोंडी 'सगळं येतं' हे उत्तर म्हणून स्वीकारू नये. व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी बहुधा दावा ज्या काळात दाखल होतो त्या काळासाठी असते. ती एक वर्ष खंडित झाली, तर आधी केलेल्या कामाबद्दल नंतर आलेली तक्रार विम्याबाहेर राहू शकते.

तक्रार इजेची नसून असमाधानाची असेल तर काय, हा प्रश्न दिल्लीतील एका प्रकरणाने देशभर पोहोचवला. २०१८ मध्ये एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये केस चुकीचे कापले गेल्याबद्दल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये २ कोटी रुपयांची भरपाई ठरवली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, त्या रकमेला पुरेशा पुराव्याचा आधार नसल्याचे सांगून ती रद्द केली आणि प्रकरण आयोगाकडे परत पाठवले, व वाद पुढेही चालू राहिला. सामान्य दायित्व विमा 'शारीरिक इजा' आणि 'मालमत्तेचे नुकसान' या दोन संज्ञांभोवती बांधलेला असल्याने अशा दाव्याला तो पुरेलच असे नाही. वकिलाचा खर्च त्यात धरला आहे का, हे तरी निश्चित करून घ्यावे.

मदतनीस मुलींच्या बाबतीत मालकिणीची जबाबदारी ऐच्छिक नाही. कामावर झालेल्या अपघाताच्या भरपाईचा १९२३ चा कायदा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आहे, आणि ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, कक्षेत न येणाऱ्या छोट्या पार्लरने या जबाबदारीसाठी विमा घेणे योग्य ठरते. मालकीण स्वतः मात्र कर्मचारी नसल्याने त्यात मोडत नाही. तिचे मनगट मोडले तर पार्लर बंद पडते, हे लक्षात घेऊन साप्ताहिक भरपाई देणारा वैयक्तिक अपघात विमा तिने घ्यावा. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना जरूर असावी, पण ती अपघाती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरतीच आहे.

खर्चाच्या हिशेबात एक नवी बाब आली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यसेवांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, परंतु इनपुट क्रेडिटची, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा करून घेण्याची, सोय राहिली नाही. त्यामुळे व्यवसायाच्या विम्यावरील १८ टक्के कर हा आता पार्लरचा प्रत्यक्ष खर्च आहे. तो वाचवण्यासाठी कपात करायचीच असेल तर काचेच्या वा निऑन पाटीच्या विम्यात करावी, कामाच्या दायित्वात करू नये. कर्ज देताना बँकेने काढलेली पॉलिसीही तपासावी, कारण तीत बँकेचे हित आधी जपलेले असते आणि ग्राहकाच्या इजेचा उल्लेख बहुधा नसतो.

दावा नाकारला गेला किंवा रखडला, तर आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा लागतो. तेथे समाधान न झाल्यास एकल मालकीचा किंवा सूक्ष्म व्यवसाय विमा लोकपालाकडे ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईसाठी विनाशुल्क तक्रार करू शकतो. गुजरातसाठी हे कार्यालय अहमदाबादला आहे.