कातडी टिकते, जॅकेट टिकत नाही

सिलिकॉनच्या शरीराच्या फिगर्सबद्दल संग्राहकांमध्ये दोन मतं ऐकू येतात आणि दोन्ही तितकीच ठाम असतात. एक म्हणतो, "रबरच ते, चार-पाच वर्षांत चिकट होऊन जाणार." दुसरा म्हणतो, "आत स्टीलचा सांगाडा आहे, हवं तसं वाकवा, काही होत नाही." पहिल्याचं ऐकून लोक महागडी फिगर खोक्यातून बाहेरच काढत नाहीत. दुसऱ्याचं ऐकून तिला महिनोन् महिने मांडी घालून बसवून ठेवतात. नुकसान दोघांचंही होतं, फक्त ज्याची धास्ती घेतली होती त्या कारणानं नव्हे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. हासब्रोनं 1964 मध्ये आणलेला बारा इंची जी. आय. जो प्लास्टिकच्या सुट्या अवयवांचा होता. कोपर, गुडघा, खांदा या ठिकाणचे सांधे उघडे दिसायचे आणि गणवेशाखाली झाकले जायचे. सिलिकॉनचं बिनजोडाचं शरीर उलट्या बाजूनं तयार होतं. आधी सांगाडा जुळवतात, तो साच्यात ठेवतात आणि भोवती मऊ माल भरतात. साचा उघडला की सांधे कातडीच्या आत गेलेले असतात. माप तेच, मूळ उंचीच्या एक-षष्ठांश, म्हणजे साधारण 30 सेंटिमीटर. पूर्वी फायसेन आणि आता टीबीलीग या नावानं ओळखली जाणारी चिनी कंपनी या प्रकारात सर्वांच्या परिचयाची. सुरुवातीच्या शरीरांमध्ये सांगाडा प्लास्टिकचा असे, पुढे स्टेनलेस स्टील आलं. डोकं, बहुतेकदा पंजे आणि कधी पावलं मात्र वेगळी, टणक प्लास्टिकची, खुंटीवर बसवलेली. हा शेवटचा तपशील लक्षात असू द्या, पुढे त्याचं काम आहे.

"रबर आहे, म्हणजे सडणारच"

ही भीती हवेतून आलेली नाही. 1976 मध्ये केनर कंपनीनं स्ट्रेच आर्मस्ट्राँग नावाचा पैलवान बाजारात आणला. लॅटेक्सची कातडी, आत मक्याचा घट्ट पाक. हातपाय ताणले की लांब व्हायचे आणि हळूहळू पूर्ववत यायचे. त्यातले आज उरलेले बरेचसे कडक झालेत, तडकलेत, आतला पाक गळालाय. आपल्याकडे फनस्कूलचे छोटे जी. आय. जो ज्यांनी जपलेत त्यांनाही रबराचा अनुभव आहे. प्लास्टिक शाबूत असतं, पण कंबरेतली रबरी कडी तुटते आणि सैनिकाचे दोन तुकडे हातात येतात.

मात्र लॅटेक्स आणि सिलिकॉन हे एका घरातले नव्हेत. नैसर्गिक रबराच्या कार्बनी साखळीत दुहेरी बंध असतात, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन नेमके त्यांवर हल्ला करतात. सिलिकॉनचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या आलटून पालटून आलेल्या अणूंचा असतो आणि त्यात हे दुबळे बंध नसतात. म्हणूनच केकचे साचे, ओव्हनच्या दाराच्या पट्ट्या, बाळाच्या बाटलीची बुचं यांसाठी ते वापरतात. उणे 50 पासून 200 अंश सेल्सिअसपर्यंत ते आपला गुण सोडत नाही. मुंबईचा मे महिना त्याच्या खिजगणतीत नाही.

संग्रहालयांत प्लास्टिकच्या वस्तू जपणारे तज्ज्ञ चार पदार्थांना सर्वांत घातकी समजतात : सेल्युलोज नायट्रेट, सेल्युलोज ॲसिटेट, पीव्हीसी आणि पॉलीयुरेथेन. यात सिलिकॉन नाही. पण तुमच्या काचेच्या कपाटात या चारांपैकी दोन नक्की आहेत. डोकं, पंजे आणि बूट पुष्कळदा पीव्हीसीचे. काळं चकचकीत जॅकेट, पट्टा, हातमोजे पॉलीयुरेथेनचा थर दिलेल्या कापडाचे, ज्याला आपण सरसकट रेक्झिन म्हणतो. पॉलीयुरेथेन दमट हवेत पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन तुटत जातं. न वापरता माळ्यावर ठेवलेल्या बुटांचा तळ पावसाळ्यानंतर भुगा होऊन पडतो, ती हीच क्रिया. कोकणपट्टीत राहणाऱ्या संग्राहकानं काळजी करायची तर जॅकेटची करावी. पापुद्रे तिथे आधी सुटतात.

"डब्यावर सिलिकॉन लिहिलंय ना"

लिहिलेलं असतं, पण आत असेलच असं नाही. बाजारात "सिलिकॉन बॉडी" म्हणून जे विकलं जातं त्यातला काही माल टीपीई असतो, म्हणजे थर्मोप्लास्टिक इलास्टोमर. हात लावल्यावर दोन्ही मऊच लागतात, वागणं मात्र वेगळं. टीपीई गरम केलं की वितळतं आणि पुन्हा साच्यात घालता येतं, म्हणून ते स्वस्त पडतं. मऊपणासाठी त्यात भरपूर खनिज तेल मिसळतात, ते सावकाश पृष्ठभागावर येतं. उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत टीपीई लिबलिबीत होऊ शकतं, सिलिकॉनला तिथे काही होत नाही. दाब पडून राहिला तर टीपीईवर खळगा कायमचा बसतो. सिलिकॉन बऱ्याच अंशी मूळ आकाराला येतं.

सिलिकॉनही मऊ करायचं तर त्यात सिलिकॉन तेल घालावं लागतं. जितकं तेल जास्त तितकं शरीर मांसल भासतं आणि तितकीच फाटण्याला विरोध करण्याची शक्ती कमी होते. विक्रेते "अगदी खऱ्या त्वचेसारखं" म्हणून जे मिरवतात, त्याचा हा दुसरा भाग कुणी सांगत नाही.

नवी फिगर हाताला किंचित चिकट लागली, तिच्यावर धूळ बसली, म्हणजे ती सडायला लागली असं नव्हे. मऊ सिलिकॉनचा पृष्ठभाग तसाच असतो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडक्यानं टिपून कोरडं करणं आणि वर टाल्कम पावडरचा किंवा कॉर्नफ्लोअरचा हलका हात, एवढं पुरतं. पाणी मानेच्या आणि मनगटाच्या भोकांतून आत जाऊ देऊ नका. तेल मात्र लावू नका. सांधा करकरतो म्हणून कुणी सिलिकॉनचं वंगण फवारतं. ते तेल सिलिकॉनच्या कातडीत शिरतं आणि कातडी फुगते. पेट्रोल किंवा थिनरनंही तेच होतं.

"स्टीलचा सांगाडा आहे, कसंही वाकवा"

कितीतरी फिगर्स या वाक्यानं फाटल्यात.

सांगाडा कुठपर्यंत वाकतो आणि कातडी कुठपर्यंत साथ देते, या दोन वेगळ्या मर्यादा आहेत. गुडघा दुमडा आणि जवळून पाहा. वरच्या बाजूला, वाटीवर, कातडी ताणली जाऊन पातळ होते. मागे, लवणीत, ती दबून घडी घालते. हात सोडला की पाय एक-दोन अंश मागे येतो. सांधा सैल असल्यामुळे नव्हे, मांडीतला मऊ माल सांगाड्याला उलटा रेटत असल्यामुळे. बसवलेल्या फिगरची कंबर म्हणूनच पूर्ण काटकोनात राहत नाही. जोर लावून ती काटकोनात आणणं म्हणजे जांघेतल्या पातळ कातडीकडून उसनं घेणं.

सिलिकॉन कित्येक पट ताणलं जातं हे खरं आहे, पण ते अखंड असेपर्यंतच. कापडाच्या दुकानात कात्रीनं काठाला बारीक चीर देतात आणि मग दोन हातांनी टर्रकन कापड फाडतात. मऊ सिलिकॉनचं तंत्र हेच आहे. चीर पडेपर्यंत ते दाद देत नाही, पडली की वाट देत जातं. आणि चीर पडते कुठे, तर जिथे कातडीला काठ आहे तिथे : मान, मनगट, घोटा. म्हणजे डोकं, पंजा आणि पाऊल जिथे खुंटीवर बसतं त्या जागा. बहुतेक फिगर्स पोझ देताना नव्हे तर पंजे बदलताना आणि बूट चढवताना फाटतात. पंजा काढायचा तर हाताची कातडी धरून ओढू नये. आतला दांडा चिमटीत पकडावा, पंजा हेअर ड्रायरनं थोडा गरम करून मऊ करावा आणि सरळ रेषेत बाहेर काढावा, हेलकावे देऊ नयेत. घट्ट बूट चढवताना पावलावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालतात, बूट वर सरकवतात आणि मग पिशवी ओढून घेतात. एकदा करून पाहा, पावडरीपेक्षा हा उपाय चांगला.

पोझ देताना सांध्याच्या दोन्ही बाजूंचं हाड बोटांनी चाचपून पकडा आणि सांध्यापाशीच वाकवा. पंजाला धरून अख्खा हात वर केला तर सगळा भार मनगटाच्या काठावर येतो. मांडी आतबाहेर फिरवताना कातडी सांगाड्याबरोबर पिळली जाते, त्यामुळे फिरवून झालं की ती बोटांनी हलकेच मोकळी करा. हात डोक्यावर, पाय पूर्ण फाकलेले, मांडी घातलेली, या पोझ फोटोपुरत्या. रोज कपाटात उभं राहायचं तर हात शरीरापासून थोडे सुटे, कोपरं जराशी वाकलेली आणि पाय खांद्यांइतक्या अंतरावर असावेत. दिसायला ती मोहक पोझ नाही, हे मान्य.

स्टँडचंही तसंच. स्टीलच्या सांगाड्यामुळे फिगर जड असते आणि घोटे सारा भार पेलतात. स्टँड हवाच. पण दोन पायांमध्ये अडकवायची तार थेट कातडीवर टेकली की तिचा वळ उमटतो. टीपीईवर तो सहज जात नाही. कपड्यावरून लावा, किंवा तारेला मऊ नळी चढवा.

"खोक्यात ठेवली की सुरक्षित"

माझ्या मते हा गैरसमज सर्वांत महागात पडतो, कारण तो सावध माणसाला गाठतो. खोक्यात फिगर तिच्या पूर्ण पोशाखात असते. गडद निळा, काळा, लाल पोशाख, आणि तोही अंगाला घट्ट. सिलिकॉन आणि टीपीई दोन्ही तेलकट रंग आत शोषून घेतात. डाग पृष्ठभागावर बसत नाही, आत उतरतो, म्हणून साबणानं घासून जात नाही. पीव्हीसीच्या बुटातलं मऊपणा देणारं द्रव्यसुद्धा लागून असलेल्या मऊ पदार्थात सरकतं आणि मग घोट्याभोवती चिकट पट्टा तयार होतो. हे सगळं व्हायला फक्त स्पर्श आणि वेळ लागतो. बंद खोक्यात दोन्ही मुबलक असतात, शिवाय कुणी पाहतही नाही.

म्हणून फिगर आली की आधी कपडे काढा. रंग सुटेल असे कापडी कपडे थंड पाण्यात धुवा, वाळवा. त्यानंतरही गडद कपड्याखाली पातळ पांढरं अस्तर किंवा स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म गुंडाळा. दीर्घकाळ ठेवायची असेल तर उघडी, सरळ उभी किंवा आडवी, पांढऱ्या सुती कापडात ठेवा आणि पोशाख वेगळ्या पिशवीत. पडलेल्या डागावर बेंझॉइल पेरॉक्साइडचं मुरुमांचं मलम लावून उन्हात ठेवण्याची युक्ती बाहुल्या जमवणारे वापरतात. त्यानं डाग फिका होतो, कधी शरीराचा मूळ रंगही. आधी तळपायावर करून पाहावं.

"फाटलं तर फेव्हिक्विक आहेच"

नाही. सिलिकॉनला फक्त सिलिकॉन नीट चिकटतं. झटपट गोंद कातडीला पकडत नाही, वर त्याची कडक कड तयार होते आणि पुढच्या वेळी चीर त्या कडेपासून धावते. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जागा पुसून सिलिकॉनचाच गोंद लावावा लागतो. हार्डवेअरच्या दुकानातलं व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट चिकटतं खरं, पण ते वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि आत धातू आहे. वास न येणारं, न्यूट्रल प्रकारचं मागावं. टीपीईला यातलं काहीच चालत नाही, ते उष्णतेनं सांधतात. आपली फिगर कशाची आहे हे माहीत नसताना दुरुस्तीला हात घालू नये, यासाठीच.

जुनी फिगर विकत घेताना विक्रेता पोशाखातले फोटो पाठवतो, पोझ झकास असते. पोशाख उतरवून मानेचा काठ, दोन्ही मनगटं, काखा आणि घोटे यांचे फोटो मागा. जॅकेटच्या कॉलरची घडी उलगडून दाखवायला सांगा. "कपडे काढले तर पुन्हा नीट बसत नाहीत" असं उत्तर आलं तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.