खाजणातली होडी आणि खराब्याची किंमत

दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाले की मराठवाड्यातील शाळा-महाविद्यालयांत सहलींची चर्चा सुरू होते. केज, अंबाजोगाई, धारूर या भागातून कोकणात जाणाऱ्या सहलींचा मार्ग वर्षानुवर्षे ठरून गेलेला आहे. कोल्हापूरला महालक्ष्मीचे दर्शन, पन्हाळा, मग घाट उतरून मालवण, सिंधुदुर्ग किल्ला, गणपतीपुळे आणि परत. ज्या मुलांनी आजवर सर्वाधिक पाणी पाहिले ते धनेगावच्या मांजरा धरणात, आणि तेही धरण भरले त्या वर्षी, त्यांना समुद्र दाखवावा हा या सहलींचा हेतू असतो. तो योग्यच आहे. परंतु समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये एक तिसरा प्रदेश आहे. तो दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि दोनदा वर येतो. त्याच्याकडे मात्र एस. टी.च्या खिडकीतूनही कोणी पाहत नाही. गाडी खाडीवरच्या पुलावरून जाते, खाली चिखलात हिरवी झुडपे दिसतात, चिखलाचा वास येतो, मुले नाक दाबतात आणि गाडी पुढे निघून जाते.

या दुर्लक्षित प्रदेशात प्रवाशाला होडीतून फिरवून आणण्याचा एक उपक्रम सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले येथे २०१७ पासून चालू आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' या महिला बचत गटाच्या सदस्या स्वतः वल्ही मारीत पाहुण्यांना कांदळवनातून नेतात आणि झाडांची, पक्ष्यांची, खेकड्यांची माहिती सांगतात. या स्त्रिया मच्छीमार कुटुंबांतील आहेत. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर सागरी जैवविविधतेच्या संरक्षणाचा जो प्रकल्प राबविला गेला, त्यातून या कामाला चालना मिळाली. मासेमारीच्या घरात वल्हे पुरुषाच्या हाती आणि टोपली बाईच्या डोक्यावर ही श्रमविभागणी पिढ्यान् पिढ्यांची. ती येथे उलटली. वनस्पतिशास्त्राची पदवी न घेतलेली बाई पदवीधर प्रवाशाला झाडाची ओळख करून देते, ही गोष्टही शिक्षकवर्गाने ध्यानात घ्यावी अशी आहे.

या फेरीत प्रवाशाला काय दिसते? प्रथमदर्शनी फारसे काहीच नाही. होडी भरतीच्या पाण्याबरोबर अरुंद फाट्यात शिरते, दोन्ही बाजूंच्या फांद्या जवळ येतात, आणि वल्ह्याच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज उरत नाही. खंड्या पाण्यावर झेपावतो, बगळा एका पायावर उभा असतो. नशीब असेल तर पाणमांजर दिसते, नाही तर काठाच्या चिखलातले कोल्ह्याचे ठसे. वाघ-हत्तींच्या अपेक्षेने आलेला प्रवासी निराश होण्याचा संभव आहे. कांदळवनाचे खरे नाट्य झाडांच्या मुळांशी चाललेले असते, आणि ते कोणीतरी दाखवून दिल्याशिवाय दिसत नाही. अशा सहलीला वाटाड्या अपरिहार्य ठरतो तो याचसाठी.

खाऱ्या पाण्यात वाढणे हे वनस्पतीच्या दृष्टीने जवळपास आत्मघाताचे काम आहे. चोपण जमिनीत हरभऱ्याचे काय होते, हे मराठवाड्यातील शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही. तिवराने यावर उपाय काढला तो असा की, अंगात आलेले मीठ तो पानांवाटे बाहेर टाकतो. पान जिभेला लावले तर खारट लागते. कांदळ बहुतेक मीठ मुळाशीच अडवितो. चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून तिवर आणि चिप्पी आपली श्वसनमुळे जमिनीतून सरळ वर काढतात. ओहोटीच्या वेळी ती खुंट्यांच्या ताटव्यासारखी दिसतात. कांदळाची आधारमुळे खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात. सर्वांत विलक्षण रीत बीजाची. भरतीच्या पाण्यात पडलेले बी वाहून जायचे, म्हणून कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते, लांब शेंगेसारखे वाढते आणि मग गवंड्याच्या ओळंब्यासारखे खाली सुटून चिखलात उभे रुतते. या मुळांच्या जाळ्यात कोळंबी आणि अनेक जातींचे मासे आपले बालपण काढतात. समुद्रातल्या मासळीचा मोठा हिस्सा अशा रीतीने या चिखलाचा ऋणी असतो. २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला. असा मान कांदळवृक्षाला देणारे हे देशातील पहिले राज्य.

मान मिळाला, परंतु किंमत? मूळ प्रश्न येथे आहे, आणि तो केवळ कोकणाचा नाही.

ज्या जमिनीत पीक येत नाही ती 'खराबा', ही आपल्या महसुली विचाराची जुनी धारणा. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर लागवडीलायक क्षेत्राखाली पोटखराब्याचा रकाना असतो आणि त्यात पडलेल्या जमिनीला आकार नसतो. बालाघाटाच्या डोंगरातील कुसळाचे माळ त्यात गेले आणि गावोगावची गायराने पडीक समजली गेली. कोकणातल्या खाजणाकडे पाहण्याची दृष्टीही निराळी नव्हती. बांध घालून खारे पाणी अडवावे आणि खाजणातून भातशेती काढावी, एवढाच त्याचा उपयोग मानला गेला. १९७९ मध्ये राज्याने खारजमीन विकासाचा कायदाही केला. खारभूमीच्या शेतीने कित्येक कुटुंबे जगविली, तेव्हा त्या कायद्याला सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु न नांगरलेली जमीन काहीच देत नाही, हे गृहीतक त्यामागे होते, आणि ते चुकीचे होते.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात हीच चूक मोठ्या प्रमाणावर आढळते. कांदळवन तोडून कोळंबीची तळी केली की उत्पन्न वाढले अशी नोंद होते. झाडे उभी राहिली तर नोंद होत नाही. थायलंडच्या दक्षिण भागातील एका गावाचा अभ्यास करून सथिरथाई आणि बार्बिअर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये असे दाखविले की, कोळंबीचे तळे मालकाला किफायतशीर असले तरी नष्ट झालेली मासळी, लाकूडफाटा आणि किनाऱ्याचे संरक्षण हिशेबात धरल्यास समाजाला ते परवडत नाही. नफा एकाच्या खिशात आणि तोटा सर्वांच्या माथी, असा हा व्यवहार. ओरिसातील अभ्यास याहून हृदयस्पर्शी आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात केंद्रपाडा जिल्ह्यातील गावांमध्ये झालेल्या मृत्यूंची तुलना सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये कांदळवनाचा रुंद पट्टा शिल्लक होता तेथे माणसे कमी दगावली. अशा पट्ट्याला सातबाऱ्यावर काय आकार बसवावा?

किमतीचा प्रश्न बाजार सोडवीत नाही तेव्हा कायद्याला हस्तक्षेप करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यातील कांदळवनांच्या तोडीला अंतरिम आदेशाने मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निर्णयात तर कांदळवनाचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असे म्हटले. २०१२ मध्ये वन खात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०२१ च्या देशव्यापी वन अहवालात राज्याचे कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर नोंदले गेले, २०२३ च्या अहवालात ते सुमारे ३१५ भरले. म्हणजे कायदा आहे म्हणून निश्चिंत राहावे अशी स्थिती नाही. शिवाय 'सार्वजनिक हिता'ची वाट कायद्यातच ठेवलेली असते; मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेसाठी सुमारे २२ हजार कांदळवृक्ष तोडण्यास न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. रेल्वे नको असे कोणी म्हणणार नाही. मात्र रेल्वेच्या खर्चात त्या झाडांची किंमत कोणत्या दराने लावली गेली, हे विचारण्याचा अधिकार करदात्याला आहे.

या पार्श्वभूमीवर मांडवीच्या होडीकडे पाहिले पाहिजे. प्रवासी तिकिटाचे पैसे देतो तेव्हा उभ्या कांदळवनाला प्रथमच रोख किंमत येते, आणि ती किंमत ज्यांच्या डोळ्यांसमोर झाड तुटू शकते त्यांच्याच हाती पडते. सार्वजनिक कुरणाचा शेवटी नाशच होतो, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये बजावले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची उदाहरणे तपासून दाखविले की, ज्यांचा पोटापाण्याचा संबंध आहे त्यांना नियम करण्याचा आणि पाळायला लावण्याचा अधिकार असेल तर कुरण टिकते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वेंगुर्ल्याच्या खाडीत दहा-बारा बायकांनी वल्हे हाती घेतले, त्याचे महत्त्व या वादाच्या संदर्भात आहे.

तथापि भाबडेपणाही नको. एका होडीत सहा प्रवासी बसले, दिवसाला तीन फेऱ्या झाल्या, पावसाळा वगळून उरलेल्या महिन्यांत गर्दीचे शंभर दिवस मिळाले, असे समजू. वर्षाला १,८०० तिकिटे होतात. दहा जणींत वाटली तर प्रत्येकीच्या वाट्याला १८०. त्यातून होडीची डागडुजी वजा करायची. हा आकडा केवळ कल्पित आहे, पण अशा व्यवसायाची कमाल मर्यादा कोठे आहे ते त्यावरून कळते. एवढ्यावर संसार चालत नाही. चालतो तो मासळी, पाहुण्यांचे जेवण आणि इतर कामांची जोड मिळाल्यावर. राज्य शासनाच्या २०१७ च्या कांदळवन संवर्धन आणि उपजीविका योजनेत खेकडापालन, कालवपालन, शोभिवंत मासे यांच्या जोडीला निसर्ग पर्यटन ठेवले आहे, ते शहाणपणाचेच म्हणावे लागेल.

उत्पन्न वाढविण्याचा सोपा मार्ग कोणालाही सुचेल: वल्ह्याऐवजी इंजिन बसवावे. फेऱ्या वाढतील, तिकिटे वाढतील. परंतु इंजिनाच्या आवाजाने पक्षी उठतात आणि त्याच्या लाटांनी अरुंद फाट्याचे काठ ढासळतात. जे पाहण्यासाठी तिकीट काढले तेच नाहीसे होऊ लागते. पाहुणे जितके जास्त तितके पाहण्यासारखे कमी, हा पर्यटनाचा विचित्र नियम. १९९७ मध्ये देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झालेल्या सिंधुदुर्गाने याचा अनुभव किनाऱ्यावर पुरेसा घेतला आहे. फेऱ्यांची संख्या कोण ठरविणार, आणि उद्या एखादा भांडवलदार दहा यांत्रिक होड्या घेऊन त्याच खाडीत उतरला तर त्याला कोण अडविणार? बचत गटाकडे खाडीची मालकी नाही. त्याच्याकडे आहे ती केवळ पहिले येण्याची पुण्याई. पुण्याईला न्यायालयात आधार नसतो. तिला लेखी हक्काचे रूप देणे हे शासनाचे काम आहे आणि ते अद्याप पुरते झालेले नाही.

केजच्या वाचकाला हे सारे दूरचे वाटेल. दिवाळी झाली की या तालुक्यातून बैलगाड्या आणि ट्रक साखर कारखान्यांच्या दिशेने निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो; बाईची मजुरी त्या अर्ध्या कोयत्यात विरून जाते, आणि उचल मात्र अगोदरच खर्च झालेली असते. अशा बाईला तिच्याच शिवारात, तिच्याच नावावर रोख मिळवून देणारे काम कोणते, हा बीड जिल्ह्याच्या अर्थकारणाचा जुना, न सुटलेला प्रश्न आहे. मांडवीचे उत्तर येथे उचलून आणता येणार नाही, कारण येथे खाडी नाही. पण उजनीचे उदाहरण जवळचे आहे. भीमेवरच्या त्या जलाशयाच्या फुगवट्यात भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळ येथील मच्छीमार हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांना आपल्याच होडीतून नेतात आणि घरचे जेवण वाढतात. समुद्र तेथेही नाही. पाणलोटाच्या काठचा चिखल आहे, पक्षी आहेत, आणि त्यांची नावे सांगू शकणारी माणसे आहेत. मांजरेच्या काठी पक्ष्यांची शास्त्रशुद्ध नोंद वर्षानुवर्षे ठेवणे हे महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना अशक्य नाही. होडीचा विचार त्यानंतरचा. पाटोदा तालुक्यातील नायगावचे मयूर अभयारण्यही ज्या डोंगराळ माळावर आहे, तशाच माळांची गणना एरवी खराब्यात होत आली.

तूर्त निदान सहलीचा मार्ग बदलता येईल. मालवणला जाणाऱ्या गाडीला वेंगुर्ले काही फार दूर पडत नाही. फक्त एक काळजी घ्यावी. कांदळवनातील होडी पाणी असेल तेव्हाच आत जाते, आणि पाण्याची वेळ घड्याळाप्रमाणे ठरत नाही, तिथीप्रमाणे ठरते. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा की, तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठा पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. शिवाय त्या दिवशी भरतीही भांगेची, म्हणजे कमी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वा अकरा, म्हणजे पाणी दुपारच्या आधी पूर्ण चढलेले आणि उधाणाचे. सहलीची तारीख या दोन तिथींच्या आसपास धरावी. पाऊणकीचे पाढे आता शाळेत घेतले जात नाहीत, पण निवृत्तीला आलेल्या गुरुजींना ते अजून तोंडपाठ असतील.