विचारांचेही पथ्य असते

आमच्याकडे येणारा प्रत्येक पेशंट औषध घेऊन झाले की एक प्रश्न हमखास विचारतो, "डॉक्टरसाहेब, पथ्य काय?" मी मीठ कमी करा, तेल कमी करा, खर्रा सोडा असे सांगतो. मात्र गेली २८ वर्षे दिग्रसला प्रॅक्टिस करताना एक पथ्य सांगायचे माझ्याकडूनही बरेचदा राहून गेले आहे. ते पथ्य म्हणजे विचारांचे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जवळच्या खेड्यातील ४६ वर्षांचे एक शेतकरी दवाखान्यात आले. पाच एकर कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. तक्रार अशी की झोप नाही, छातीत धडधड होते, डोके जड राहते. बी.पी. १५०/९६ होते. ई.सी.जी. व शुगर नॉर्मल. मी गोळ्या लिहून दिल्या. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले, मी गोळी बदलली. तिसऱ्या खेपेला त्यांच्या पत्नी सोबत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "रात्री गोठ्यात एकटेच बसून रायतात जी. म्हणतात, माह्यामागं तुमचं बरं होईन."

मी चरकलो. पेशंटला आत एकट्याला बसवून सरळ विचारले, "जीव द्यायचा विचार मनात येतो का?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग रडायलाच लागले. चुलतभावाने मुलीचे लग्न यवतमाळला मोठ्या मंगल कार्यालयात थाटात केले होते. यांच्या मुलीचे लग्न ठरले होते, पण जुने कर्ज फिटले नव्हते आणि नवीन कोणी देत नव्हते. "लोकाईले काय तोंड दाखवू?" हे त्यांचे शब्द.

दोन वेळा मी त्यांची छाती तपासली, पण मनात काय चालले आहे हे विचारले नाही. ही माझी चूक मी आजही विसरलेलो नाही.

प्रत्येकाजवळ तत्त्वज्ञान असतेच

तत्त्वज्ञान म्हटले की जाड पुस्तके आणि पंडित मंडळी आठवतात. पण वाचकहो, "लोक काय म्हणतील" हेही एक तत्त्वज्ञानच आहे. "दारात चारचाकी आली की माणूस यशस्वी" हेही तत्त्वज्ञान आहे. ते कोणी शिकवलेले नसते, लग्नकार्यात, पानठेल्यावर, भाऊबंदांच्या बोलण्यातून ते अंगात मुरते. मग आपण त्यावरच स्वतःला रोज मोजतो आणि रोज नापास करतो.

याचा शरीरावर परिणाम होतो. रस्त्यात अचानक साप दिसला की छाती धडधडते, घाम फुटतो. शरीरात ॲड्रिनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात सुटतात आणि आपण पळतो. साप गेला की शरीर शांत होते. पण "माझी इज्जत गेली" हा साप चोवीस तास डोक्यातच बसलेला असेल तर? मग झोप उडते, बी.पी. व शुगर आटोक्यात राहत नाही, खर्रा आणि दारू वाढते.

'व्हावे' आणि 'झालेच पाहिजे'

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. तिचे मूळ सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या एपिक्टेटस या विचारवंताकडे जाते. हा गृहस्थ जन्माने गुलाम होता. त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा की, घटनेपेक्षा त्या घटनेविषयीचे आपले मत माणसाला जास्त छळते. एलिसने त्यात भर घातली की इच्छा असणे निरोगी, पण इच्छेचा हट्ट झाला की दुखणे सुरू होते.

"मुलगी चांगल्या घरी पडावी" ही इच्छा आहे. "लग्न चुलतभावापेक्षा मोठे झालेच पाहिजे, नाही तर मी कुचकामी" हा हट्ट आहे. डॉक्टरही याला अपवाद नाहीत. माझ्या मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाला नाही, तेव्हा वर्षभर मी घरात धड बोललो नाही. त्याच वर्षी माझे बी.पी. पहिल्यांदा वाढलेले सापडले. मुलगा दुसऱ्या शाखेत गेला आणि आनंदात होता. हट्ट माझाच होता.

आपल्याच मातीतले डॉक्टर

हे शिकायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) गावात आले की आधी खराटा हाती घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत. कर्ज काढून सण, जेवणावळी करू नका, त्या पैशात पोरांना शाळेत घाला, हे ते लोकांना प्रश्न विचारून विचारून त्यांच्याच तोंडून वदवून घेत. आज मानसोपचारतज्ज्ञही पेशंटला असेच प्रश्न विचारत नेतात.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९ ते १९६८) मोझरीहून सामुदायिक प्रार्थनेची प्रथा गावोगाव नेली. त्यामागची श्रद्धा ज्याची त्याची. डॉक्टर म्हणून मला त्यात दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक, वेळ ठरलेली. दुसरी, माणूस एकटा नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली सुरू केलेल्या व अनेक दशके चाललेल्या पाहणीतही हेच दिसले की म्हातारपणी सुखी आणि निरोगी राहणाऱ्यांत पैशापेक्षा जिव्हाळ्याच्या नात्यांचा वाटा मोठा असतो.

विचार टिकतो तो सवयीने

चांगला विचार ऐकून घरी गेलो आणि सकाळी पुन्हा खर्रा घोटला, तर उपयोग काय? लंडन येथे ९६ लोकांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकला तरी सवय मोडली नाही. म्हणून आठ दिवसांत खर्रा सुटला नाही तर "आपल्यात दमच नाही" असे म्हणू नका. चुकलेल्या दिवसानंतरचा दिवस महत्त्वाचा.

पुढील गोष्टी करून पाहा :

१) रात्री जेवणानंतर दहा मिनिटे घरच्यांशी पैशाखेरीज दुसऱ्या विषयावर बोला.

२) मन अस्वस्थ झाले की स्वतःला विचारा, "ही माझी गरज आहे की दुसऱ्याशी बरोबरी?"

३) आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, याच्या दोन याद्या कागदावर करा. पेरणी, खर्च, बोलणे हातात. पाऊस आणि भाव हातात नाहीत.

४) नवी सवय जुन्या सवयीला बांधा. चहा झाला की चालायला निघा.

पण एवढ्याने भागत नाही

विचार बदलल्याने कर्ज फिटत नाही. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवले. त्या घटनेमागे शेतीची दैना होती. तिला मनाचा दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. भाव, पाणी, कर्ज यांची उत्तरे वेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात.

त्याचप्रमाणे डिप्रेशन हा आजार आहे. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, कामातली गोडी गेली असेल, मरणाचे विचार येत असतील, तर उपदेश करत बसू नका. डॉक्टरकडे न्या, पेशंटला एकटे सोडू नका. मरणाविषयी सरळ विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट ओझे हलके होते. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास चालू असतो.

आमच्या त्या शेतकरी बंधूंना मी त्याच दिवशी पत्नीसोबत यवतमाळला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. आठ महिने गोळ्या चालल्या. मुलीचे लग्न घरासमोरच्या मांडवात वरण-भात-पोळीवर झाले. व्याह्यांनी नाव ठेवले नाही. कर्ज अजून आहे, हप्त्याने फिटते आहे. मागच्या महिन्यात बी.पी. तपासायला आले होते, १३२/८४ निघाले. मी विचारले, "आता यशस्वी माणूस कोण?" ते हसून म्हणाले, "रात्री ज्याले झोप येते तो, साहेब."

बी.पी.ची गोळी मात्र त्यांनी बंद केलेली नाही. आपणही करू नये.