डोक्यामागची शिल्लक

पेशंट खुर्चीत बसला की डॉक्टरबाई आधी त्याच्या केसांना हात घालतात. रक्ताचे रिपोर्ट, मोबाइलमधले जुने फोटो, आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळं नंतर. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत पन्नास-साठ केसांची बट धरायची आणि मुळापासून टोकापर्यंत सावकाश, पण घट्ट ओढत न्यायची. हातात आलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवून मोजायचे. कपाळाच्या वर, टाळूवर, कानांच्या वर, मानेच्या वर, असं ठिकठिकाणी. माझ्या चोवीस वर्षांच्या भाच्याचे सगळे मिळून दोन-तीनच केस हाताला लागले. त्याचा चेहरा जरा उजळला, तोवर बाई म्हणाल्या, "तुझे किती गळतात याची मला फारशी काळजी नाही. रोज पन्नास ते शंभर कुणाचेही गळतात. त्यांच्या जागी कसे उगवतात, ते बघू."

मग त्यांनी डर्मोस्कोप डोक्याला टेकवला आणि समोरच्या पडद्यावर भाच्याची कातडी दिसायला लागली. आधी मागची बाजू. एकेका छिद्रातून दोन-दोन, तीन-तीन केस निघालेले, सगळे काळेभोर आणि एकाच जाडीचे. मग यंत्र सरकत कपाळाच्या कोपऱ्यावर आलं. इथे एक केस जाड, त्याला लागून दुसरा त्याच्या निम्म्यानं, तिसरा तान्ह्या बाळाच्या अंगावर असते तेवढी लव. कित्येक छिद्रांत एकच केस उरलेला. पुण्यातल्या या दवाखान्यात मी नंतर बरीच डोकी अशी पडद्यावर पाहिली. जाड आणि बारीक केस असे शेजारी शेजारी दिसले की निदान जवळपास झालंच. आनुवंशिक टक्कल पडतं ते असं: केस एकाएकी झडून जात नाही, प्रत्येक फेरीत आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो, आणि अखेरीस डोळ्यांना दिसेनासा होतो.

तरी बाईंनी प्रश्न सोडले नाहीत. मागच्या तीन-चार महिन्यांत डेंगी, टायफॉइड? वजन झपाट्यानं उतरवलंस? जिममध्ये कुणी इंजेक्शनं दिली? थायरॉइड? मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात आणि बहुतेकदा आपोआप परत येतात. त्यावर आयुष्यभराचं औषध सुरू करणं चूक. २०२४ संपता संपता आणि २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यात शेगावच्या आसपासच्या गावांत माणसांना काही दिवसांतच टक्कल पडलं होतं, बायकामुलांनासुद्धा, आणि संशय सेलेनियमवर गेला होता. ती गोष्टच वेगळी होती. भाच्याचं तसं काहीच नव्हतं. त्याचं सगळं संथ चाललं होतं, कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून.

ताईनं, म्हणजे त्याच्या आईनं, दोन कारणं पक्की ठरवली होती: पिंपरीतलं टँकरचं पाणी आणि हेल्मेट. दोन्ही बाईंनी शांतपणे बाजूला ठेवली. मग ताई आमच्या बाबांवर आली, कारण टक्कल आजोळहून येतं असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. यातलं एक महत्त्वाचं जनुक आईकडून मिळतं हे खरं, मात्र बाकीची पुष्कळ जनुकं दोन्हीकडची असतात. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनचं एका विकरामुळे डीएचटी नावाच्या संप्रेरकात रूपांतर होतं. ते सगळ्याच पुरुषांत असतं. काहींच्या पुढच्या आणि टाळूवरच्या केसांची मुळं त्याला जन्मतःच नाजूक असतात, आणि मागची, कानांच्या वरची मुळं त्याला दाद देत नाहीत. म्हणून टक्कल पडलेल्या माणसाच्या डोक्यालाही मागे केसांची झालर राहते.

या विषयाला आपल्याकडे हसण्यावारी नेतात, ते मला अजिबात पटत नाही. चोवीस वर्षांचा मुलगा सकाळी उशीवरचे केस गोळा करून मोजतो, ग्रुप फोटोत मागच्या रांगेत सरकतो, ऑफिसात दिव्याखालची खुर्ची टाळतो. स्थळ आलं की मुलीकडच्यांना कॉलेजातला फोटो पाठवला जातो आणि कांदेपोह्यांच्या वेळी समोरच्यांची नजर आधी कपाळाकडे जाते. जीवाला धोका नाही म्हणून हे दुखणं खोटं ठरत नाही. आणि याच वयात, याच घायकुतीला आलेल्या मनःस्थितीत, त्याला पैशांचे आणि शरीराचे निर्णय घ्यायचे असतात.

भाच्याला सरळ ट्रान्सप्लांट हवं होतं. आधी तो दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन आला होता. तिथे डॉक्टर भेटलेच नव्हते; एका समुपदेशकानं साडेतीन हजार ग्राफ्टचं, म्हणजे मुळासकट हलवायच्या एक-दोन-तीन केसांच्या पुंजक्यांचं, पॅकेज, हप्त्यांची सोय आणि शाळकरी मुलाची असते तशी खाली, सरळ हेअरलाइन कागदावर काढून दिली होती. बाईंनी तो कागद पाहिला आणि पेन घेऊन त्या रेषेच्या मागे एक मोठा गोल काढला. "हे आज तुझे केस आहेत. पस्तिशीत ते जातील की राहतील, मला सांगता येत नाही. गेले, तर पुढे एक पट्टा उरेल आणि त्याच्या मागे मोकळं मैदान. ते भरायला मागे माल शिल्लक नसेल." डोक्याच्या मागून आयुष्यभरात साधारण पाच-सहा हजार ग्राफ्ट काढता येतात, कुणाकुणाचे त्याहूनही कमी. ट्रान्सप्लांटमध्ये एकही नवा केस तयार होत नाही. आहेत तेच इथून तिथे जातात.

म्हणून आधी औषध. खात्रीची म्हणावीत अशी दोनच. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, हातांवर केस वाढायला लागले आणि त्यातून डोक्याला लावायचं द्रावण निघालं. अमेरिकेत त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली. सकाळ-संध्याकाळ एकेक मिली, कोरड्या टाळूवर, म्हणजे साठ मिलीची बाटली महिनाभर. दुसरं फिनास्टेराइड. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं ते विकर जन्मतःच नसतं. तिथल्या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहते आणि त्यांना टक्कल पडत नाही, हे १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळलं होतं. पुढे तेच विकर अडवणारं औषध आलं, आधी प्रोस्टेटसाठी पाच मिलिग्रॅमचं, आणि १९९७ मध्ये केसांसाठी एक मिलिग्रॅमचं.

फिनास्टेराइडबद्दल बाई बराच वेळ बोलल्या, आणि ताईला बाहेर बसायला सांगून बोलल्या, हे मला फार बरं वाटलं. चाचण्यांमध्ये शंभरातल्या तीन-चार पुरुषांनी लैंगिक तक्रारी सांगितल्या होत्या. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतही अशा तक्रारी शंभरात दोघांच्या होत्या. बहुतेकांचा त्रास गोळी बंद केल्यावर जातो. मात्र तो गेला नाही असं सांगणारेही आहेत, आणि काहींना नैराश्य आल्याच्या नोंदी आहेत. "आधी कधी डिप्रेशन आलंय? घरात कुणाला? मन खराब वाटायला लागलं तर गोळी त्याच दिवशी बंद करायची आणि मला फोन करायचा." प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी रक्ताची जी चाचणी करतात, तिचा आकडा या गोळीमुळे जवळपास निम्मा दिसतो, म्हणून चाळिशीनंतर कुठल्याही डॉक्टरला ही गोळी चालू असल्याचं सांगायचं. गोळी चालू असताना रक्तदान करायचं नाही. दोन्ही औषधं थांबवली की काही महिन्यांत, फार तर वर्षभरात, मिळालेलं सगळं जातं. हे सगळं ऐकून भाच्यानं आठवडाभर विचार करायला मागितला, आणि बाईंनी तो दिला.

अखेर त्यानं दोन्ही सुरू केली. द्रावण सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत केस उलट जास्त गळतात. जुने केस जागा सोडतात म्हणून. बाईंनी हे आधीच बजावलं होतं, तरी भाच्याचा रात्री फोन आला. "मामा, बंद करतो मी. होते तेही चाललेत." याच टप्प्यावर निम्मी मुलं बाटली फेकून देतात, असं बाई सांगतात. महिन्यातून एकदाच, त्याच दिव्याखाली, कोरड्या केसांचा फोटो काढायचा आणि मधल्या दिवसांत आरशात शोधाशोध करायची नाही, एवढं पथ्य त्यानं कसंबसं पाळलं.

ट्रान्सप्लांट म्हणजे नेमकं काय, हे मला प्रत्यक्ष पाहायचं होतं. बाईंनी आणि पेशंटनं परवानगी दिली. पेशंट निफाडकडचा द्राक्षबागायतदार, वय एकेचाळीस, छाटणी उरकून आलेला. औषधावर कित्येक वर्षं स्थिरावलेलं टक्कल. बाई सांगतात, असं डोकं ट्रान्सप्लांटला योग्य.

पहिला तास नुसता मार्करचा. रेषा काढायची, लांब जाऊन बघायची, पुसायची. भुवयांच्या मधून वर सात-आठ सेंटीमीटरच्या खाली बाई उतरायला तयार नव्हत्या, आणि कपाळाचे दोन्ही कोपरे त्यांनी मुद्दाम आत ठेवले. रेषाही सरळ नाही. बारीक नागमोडी, मधेच एखादा ठिपका पुढे. सरळ रेषेत उगवलेले केस कुणाच्याच कपाळावर नसतात.

मागची बाजू मशीननं बारीक केली. भूल फक्त कातडीपुरती, त्या सुया तेवढ्या झोंबल्या. पेशंट पालथा, जागा. बाईंच्या डोळ्यांवर भिंगांचा चष्मा, हातात फिरता पंच, त्याचं तोंड एक मिलिमीटरहूनही लहान. केस कातडीतून ज्या कोनात बाहेर येतो त्याच कोनात तो कातडीखालीही असेल असं नाही, आणि पंचची धार जरा तिरकी गेली की मूळ कापलं जातं. म्हणून पहिले दहा-बारा ग्राफ्ट काढून त्यांनी भिंगाखाली धरले, मुळं शाबूत आहेत का पाहिलं, कोन किंचित बदलला, आणि मगच हात चालू लागला. लागून असलेले दोन ग्राफ्ट त्या काढत नव्हत्या. एक घेतला की दोन-तीन सोडत होत्या, म्हणजे मागचं डोकं विरळ दिसणार नाही. पंचनं सैल केलेला ग्राफ्ट एक मदतनीस दोन चिमट्यांनी अलगद उचलायची. खाली मूळ, त्याभोवती पिवळसर चरबीचा इवला थर. ती चरबी चिमट्यात चेपली किंवा ग्राफ्ट वाळला की तो संपला. थंड सलाइनच्या ताटलीपाशी दोघी जणी भिंगाखाली मान घालून बसल्या होत्या, तांदूळ निवडावेत तसे ग्राफ्ट वेगळे करत: सिंगल, डबल, ट्रिपल. दर दहाचा एक ढीग. त्या खोलीतलं सगळ्यात जिकिरीचं काम तेच होतं असं मला वाटलं.

जेवणानंतर पेशंट उताणा. आता बाईंनी सुईनं बारीक चिरा पाडायला घेतल्या, आणि केस पुढे कसे दिसणार हे इथेच ठरतं. पुढच्या ओळीत चिरा जवळपास कातडीला टेकलेल्या, पुढे झुकलेल्या. मागे सरकत जाऊ तशा उभ्या होत जाणाऱ्या. भोवऱ्यापाशी वळणावळणानं फिरणाऱ्या. पुढे फक्त सिंगल, दाट ट्रिपल मागे. एका चौरस सेंटीमीटरमध्ये पस्तीस-चाळीस. निसर्गाची दाटी याच्या दुप्पट असते, पण निम्म्या दाटीतही डोळ्यांना डोकं भरलेलं वाटतं. बावीसशे ग्राफ्ट बसेपर्यंत बाहेर दिवे लागले होते. पेशंट मधूनमधून घोरत होता.

हे काम पहिल्यांदा जपानमध्ये १९३९ मध्ये नोंदलं गेलं, भाजलेल्यांसाठी. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५२ मध्ये ते टकलावर करून पाहिलं आणि मागून पुढे आणलेला केस पुढेही मागच्यासारखाच टिकतो हे दाखवून दिलं. या धंद्याचा सगळा डोलारा त्या एका गोष्टीवर उभा आहे. आणि धंदा म्हणजे धंदाच. २०१९ च्या मार्चमध्ये मुंबईत एका त्रेचाळीस वर्षांच्या व्यापाऱ्याचा ट्रान्सप्लांटनंतर दोन दिवसांत मृत्यू झाला. एका बैठकीत नऊ हजारांवर ग्राफ्ट बसवल्याच्या बातम्या होत्या. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सांगितलं की हे काम त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीचं रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचं आहे. तेव्हा कुठेही गेलात तरी विचारा: पंच कोण चालवणार, चिरा कोण पाडणार, डॉक्टर दिवसभर खोलीत असतील का, भुलीचा त्रास झाला तर ऑक्सिजन आणि औषधं हाताशी आहेत का. उत्तर द्यायला चाचरले तर उठून या.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस कष्टाचे नसतात, पण नेटाचे असतात. डोकं उंचावर ठेवून झोपायचं, सलाइन फवारत राहायचं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरते तिला घाबरायचं नाही. महिन्याभरात बसवलेले केस गळतात. मूळ आत राहतं. तीन-चार महिन्यांनी नवे येतात, पूर्ण चित्र वर्षानं. आणि पुढचे मूळचे केस टिकवायला औषध चालूच. स्वतःचंच रक्त फिरवून टाळूत टोचतात त्या पीआरपीचा कुणाला उपयोग होतो, कुणाला नाही. बाई ते जोडीला देतात, भरवशावर नाही. केस बारीक कापून तसंच राहणं हाही पूर्ण पर्याय आहे, आणि तो बाई पहिल्या भेटीतच सांगतात.

वर्षाच्या तपासणीला पडद्यावर जुनी आणि नवी चित्रं शेजारी लावली. टाळूवरची लव बरीचशी जाड झाली होती. कपाळाचे कोपरे होते तिथेच होते. भाच्यानं विचारलं, "आता ट्रान्सप्लांट?"

"तिशीनंतर बोलू. मागचे कुठे पळून जात नाहीत."

थोडं थांबून त्यानं विचारलं, लग्न ठरलं तर गोळीचं सांगायला हवं का.

"हो, सांगायचं. फुटलेल्या गोळीला गरोदर बाईनं हात लावायचा नसतो, हे तिला माहीत हवं. आणि मूल हवं असेल तेव्हा त्याच्या आधी मला येऊन भेटा, दोघंही."

जिना उतरतानाच त्यानं ताईला हे सांगून टाकलं. विवाहसंस्थेकडचा कॉलेजातला फोटो काढून आत्ताचा द्यायचा, हेही.