थरथरणारे स्टिअरिंग

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शेजारच्या अण्णांना सहकुटुंब जळगावहून धुळ्याला, नातवाच्या बारशाला जायचे होते. गाडी वीस वर्षांची, जुनी मारुती ८००. आदल्या दिवशी केळीच्या बागेतून परत येताना हमरस्त्यावर ताशी ६० किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागले. वेग ५० च्या खाली आणला, की थरथर थांबे. "उद्या जरा हळू जाऊ, म्हणजे झाले!" अण्णा म्हणाले. मला काही हे पटेना. आम्ही गाडी मिस्तरींकडे नेली.

मिस्तरींनी हत्याराला हात लावण्यापूर्वी प्रश्न विचारले. थरथर ठरावीक वेगालाच होते का? ब्रेक दाबल्यावर वाढते का? गाडी एका बाजूला ओढते का? हादरे हाताला जाणवतात की बैठकीला? ब्रेक दाबताना थरथर वाढली, तर ब्रेकच्या तबकडीचा संशय घ्यावा. गाडी एकीकडे ओढत असेल, तर टायरमधील हवा आणि चाकांची दिशा तपासावी. बैठक हादरत असेल, तर बहुधा दोष मागच्या चाकांत असतो. ठरावीक वेगाला स्टिअरिंगच थरथरत असेल, तर पुढच्या चाकांचा तोल बिघडलेला असण्याचा संभव अधिक.

तोल बिघडतो म्हणजे काय? समजा, चाकाच्या लोखंडी कड्यावर एका जागी ५० ग्रॅम वजन जास्त आहे. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जाताना या गाडीचे चाक सेकंदाला सुमारे साडेबारा फेरे घेते. तेवढ्याशा वजनाला वर्तुळात फिरत ठेवण्यासाठी सुमारे पावणेपाच किलो वजनाइतके बल लागते! चाकाच्या आसाला तेवढाच हिसका बसतो आणि त्याची दिशा सतत फिरत राहते. वेग निम्मा केला, तर हे बल चौथाई होते. कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

मग थरथर ठरावीक वेगालाच का? झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के दिले, तरी तो उंच जातो. पुढची चाके, स्प्रिंगा आणि स्टिअरिंगचे दांडे यांनाही आपापली लय असते. चाकाचे हिसके त्या लयीशी जुळले, की अनुनाद होतो.

मिस्तरींनी चाक काढले आणि हसले. कड्याच्या आतल्या बाजूला बागेतली काळी चिकणमाती वाळून घट्ट बसली होती! ती खरवडून चाके धुतली. थरथर पुष्कळ कमी झाली, पण पुरती गेली नाही.

अण्णा निघायच्या घाईत होते. मिस्तरींनी मात्र गाडी पुन्हा जॅकवर चढवली, खाली भक्कम आधार दिले आणि चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवले. "खट्!" आवाज आला. स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत पोचवणाऱ्या दांड्याच्या टोकाला, आपल्या खांद्यात असतो तसा उखळीचा सांधा असतो. तो झिजून सैल झाला होता. चाकाला डुलायला मोकळीक मिळाल्याने लहानसा हिसकाही मोठा होऊन हाताला जाणवत होता. हा सांधा निखळला असता, तर स्टिअरिंग फिरवूनही ते चाक वळले नसते. हळू चालवून थरथर थांबली असती; झीज थांबली नसती!

नवा सांधा बसवला. त्याने दांड्याची लांबी किंचित बदलते, म्हणून चाकांची दिशा पुन्हा जुळवली. शेवटी यंत्रावर चाके फिरवून, जिथे वजन कमी होते तिथे कड्यावर लहान तुकडे बसवून तोल साधला. दुसऱ्या दिवशी एरंडोल, पारोळा मागे टाकीत गाडी धुळ्याला सुखरूप पोचली.

गाडीखाली तुम्ही जाऊ नका. पण हा प्रयोग जरूर करा. सायकल उलटी उभी करून पुढचे चाक हलकेच फिरवा व आपोआप थांबू द्या. दर वेळी एकच भाग खाली येतो का? बहुधा तिथे व्हॉल्व्ह असेल. समोरच्या आरीला तारेचे वेढे घालत जा. चाक कुठेही थांबू लागले, की समजा, तोल साधला!