फुल सिंथेटिक ऑइल टाकलं, मग ऑइल चेंज उशिरा केला तर चालतो का?

मागच्या वर्षी बाबांची जुनी १२५ सीसी बाईक माझ्याकडे आली. मॅन्युअलमध्ये दर ३००० किमीला ऑइल बदला असं लिहिलेलं. मी म्हटलं, ते साध्या मिनरल ऑइलसाठी असणार. आपण दुप्पट किमतीचं फुल सिंथेटिक टाकतोय, म्हणजे ६००० किमी आरामात जाईल!

साडेपाच हजारांच्या आसपास इंजिनातून कटकट आवाज यायला लागला. गॅरेजवाल्या काकांनी डिपस्टिक काढली, तर टोकालासुद्धा ऑइल लागलेलं नाही. "अरे, मध्ये एकदा तरी बघितलं होतंस का?" नव्हतं बघितलं. एक लिटर भरलेलं, त्यातलं जेमतेम अर्धा लिटर बाहेर आलं. कॅमशाफ्ट आणि रॉकर आर्म बदलावे लागले. गॅरेजची एक चक्कर वाचवायला गेलो आणि पाच हजारांचं बिल घेऊन आलो.

मग गणित चुकलं कुठे? तेच आज समजून घेऊया.

सिंथेटिक म्हणजे नेमकं काय?

कुठल्याही इंजिन ऑइलमध्ये दोन गोष्टी असतात: बेस ऑइल आणि त्यात मिसळलेली रसायनं, म्हणजे अ‍ॅडिटिव्ह. मिनरल आणि सिंथेटिक हा फरक मुख्यतः बेस ऑइलचा. सिंथेटिकचे रेणू जास्त एकसारखे असतात. त्यामुळे ते उष्णतेत लवकर खराब होत नाही, कमी उडून जातं आणि थंडीत सकाळी स्टार्ट केल्यावर पटकन सगळीकडे पोहोचतं. हे फायदे खरे आहेत, नुसती जाहिरात नाही.

पण एक गंमत बघा. कच्च्या तेलावरच खूप प्रक्रिया करून बनवलेलं 'ग्रुप ३' बेस ऑइलसुद्धा 'सिंथेटिक' म्हणून विकलं जातं. यावरून दोन मोठ्या ऑइल कंपन्यांचा वाद झाला होता आणि १९९९ साली अमेरिकेतल्या जाहिरात उद्योगाच्या स्वनियमन संस्थेने असं लेबल चालेल असा निर्णय दिला. म्हणजे डब्यावरच्या एका शब्दावरून ते ऑइल किती टिकेल हे कळत नाही.

बेस ऑइल टिकतं, बाकीचं संपतं

इंजिन चालताना ऑइलमध्ये काजळी, थोडं न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि आम्लं मिसळत राहतात. ही घाण सिंथेटिक बघून कमी होत नाही. तिला सांभाळायचं काम अ‍ॅडिटिव्हचं. आम्लं मारणारी रसायनं हळूहळू खर्च होतात, अगदी मोबाइलच्या बॅटरीसारखी. फरक एवढाच की इथे स्क्रीनवर टक्केवारी दिसत नाही.

त्यातही तुमचं रोजचं जाणं-येणं तीन-चार किमीचंच असेल तर इंजिन नीट तापतच नाही. मग पाणी आणि पेट्रोल उडून न जाता ऑइलमध्येच साचतात. म्हणजे कमी किमी चालूनही ऑइल लवकर खराब!

आणि हो, ऑइल काळं झालं म्हणजे संपलंच असं नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. नुसत्या रंगावरून निर्णय घेऊ नका.

बाईकचा प्रश्न वेगळा का?

आपल्या बहुतेक बाईकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांना एकच ऑइल, तेही साधारण एक लिटर. गिअरचे दाते ऑइलमधले लांब रेणू कापत जातात आणि ऑइल पातळ होतं. त्यात इंजिन जुनं असेल तर ते थोडं ऑइल जाळतंही. गाडीच्या चार लिटरमधलं अर्धा लिटर कमी झालं तर निभावतं. बाईकच्या एका लिटरमधलं अर्धा गेलं तर माझ्यासारखं होतं. माझं ऑइल खराब होण्याआधी संपलं होतं, आणि संपण्यावर सिंथेटिक हा उपाय नाही.

मग ३०,००० किमीचं काय?

युरोपात फोक्सवॅगनच्या काही गाड्यांना ३०,००० किमी किंवा दोन वर्षांपर्यंत ऑइल चेंज लागत नाही, हे खरं आहे. पण तिथे कंपनीने ठरवून दिलेलं खास ऑइल लागतं आणि गाडीचा कॉम्प्युटर तुमच्या चालवण्यावरून सर्व्हिसची वेळ काढतो. जनरल मोटर्सने अशी सिस्टीम १९८० च्या दशकातच आणली होती. ती इंजिनाचे फेरे आणि तापमान यांवरून ऑइलचं उरलेलं आयुष्य मोजते. माझ्यातल्या सॉफ्टवेअरवाल्याला हे फार आवडलं. थोडक्यात, लांबलेला इंटरव्हल हा इंजिन, ऑइल आणि हिशेब या तिघांचा मिळून असतो. त्यातलं फक्त ऑइल उचलून आपल्या बाईकमध्ये ओतलं म्हणजे इंटरव्हल मिळत नाही.

तुम्ही काय करायचं?

• मॅन्युअलमधला इंटरव्हल पाळा. किमी आणि महिने, जे आधी येईल ते.
• धूळ, ट्रॅफिक, छोट्या फेऱ्या असतील तर मॅन्युअलमध्ये 'कठीण परिस्थिती'साठी वेगळा आकडा दिलाय का ते बघा.
• ग्रेड (उदा. १०डब्ल्यू-३०) मॅन्युअलमधलीच घ्या. गिअरच्या बाईकसाठी डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' असायला हवं. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो.
• दर ५०० किमीला बाईक सरळ उभी करून लेव्हल बघा. दोन मिनिटांचं काम आहे.
• ऑइल बदललं की ओडोमीटरचा फोटो काढा आणि कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावा.

सिंथेटिक टाकायचं तर जरूर टाका. इंजिनाला जास्तीचं संरक्षण मिळतं, पण ते संरक्षण म्हणूनच ठेवा, जास्तीचे किमी म्हणून खर्च करू नका. मी आजही सिंथेटिकच वापरतो, फक्त आता दर ३००० ला बदलतो. आणि तुम्ही शेवटची डिपस्टिक कधी बघितली होती? आठवत नसेल, तर आजच बघा!