हसू आणि हसे

मृत्यू, गुन्हा, दुर्धर आजार अशा ज्या गोष्टींपुढे गंभीर होण्याची रीत आहे, त्यांच्यातूनच हसू काढणाऱ्या प्रकाराला ‘ब्लॅक कॉमेडी’ म्हणतात. आणि अशा कलाकृतीचे स्वागत कसे होईल हे विनोदाच्या दर्जाइतकेच हसणारा घरचा आहे की परका, यावर ठरते. जॉन मायकेल मॅकडोना यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘द गार्ड’ (२०११) हा आयरिश चित्रपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. सुमारे ६० लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबाने किरकोळच, खर्चात तयार झालेल्या या चित्रपटाने आयर्लंडमधील तिकीटविक्रीत केन लोच यांच्या ‘द विंड दॅट शेक्स द बार्ली’ (२००६) या चित्रपटाला मागे टाकले आणि स्वतंत्र आयरिश चित्रपटांमध्ये उत्पन्नाचा नवा उच्चांक केला.

आयर्लंडच्या पोलीस दलाचे नाव ‘गार्डा शीखाना’, म्हणजे शांततेचे रक्षक, असे असून लोक पोलिसाला सरळ ‘गार्ड’ म्हणतात. ब्रेंडन ग्लीसन यांनी साकारलेला सार्जंट गेरी बॉईल हा पश्चिम किनाऱ्यावरील कॉनेमारा भागातला असाच एक गार्ड. पहिल्याच प्रसंगात भरधाव मोटारीच्या अपघातात काही तरुण मरतात, तेव्हा बॉईल अजिबात न गडबडता एका मृताचे खिसे चाचपतो आणि त्यात सापडलेला एलएसडी हा अमली पदार्थ स्वतःच्याच जिभेवर ठेवतो. प्रेक्षक दचकतो आणि हसतो. मात्र हाच बॉईल मरणपंथाला लागलेल्या आईजवळ बसतो तेव्हा त्या हसण्याखाली माया असल्याचे उमगते.

कोकेनच्या तस्करीचा माग काढत आलेला एफबीआयचा कृष्णवर्णीय अधिकारी एव्हरेट (डॉन चीडल) दारोदार चौकशी करतो, तेव्हा आयरिश भाषा आजही बोलली जाणाऱ्या या भागातले गावकरी त्याच्या इंग्रजी प्रश्नांना आयरिशमध्येच उत्तरे देतात. परक्या प्रेक्षकाला यात एव्हरेटची फजिती दिसते, तर आयरिश प्रेक्षकाला इंग्रजी येत असूनही न बोलण्यातला गावरान बेरकीपणा आधी दिसतो.

या फरकामागे जुना इतिहास आहे. दारुडा, भांडखोर, बडबड्या आयरिश माणूस इंग्रजी रंगभूमीवर पिढ्यान्‌पिढ्या हास्याचा विषय होता आणि त्या ठरीव पात्राला ‘स्टेज आयरिशमन’ म्हणत. म्हणूनच १९०७ मध्ये जे. एम. सिंग यांचे ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ हे पश्चिमेकडील मेयो परगण्यात घडणारे नाटक डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरात आले, तेव्हा बापाचा खून केल्याची फुशारकी मारणाऱ्या तरुणाला गाव डोक्यावर घेते हे पाहून प्रेक्षकांनी दंगा केला. जगापुढे आपले हसे होत आहे, ही ती चीड होती. शतकानंतर त्याच पश्चिमेतला बेताल गार्ड पाहायला मात्र गर्दी लोटली, कारण आता पडद्यावर हसे होत होते ते आयरिश माणसाला गावंढळ समजणाऱ्याचे.

समीक्षकांचा कौल बहुतांशी अनुकूल होता. ग्लीसन यांना गोल्डन ग्लोबचे, तर पटकथेला बाफ्टाचे नामांकन मिळाले. आक्षेपही निघाले. तत्त्वज्ञांवर चर्चा करणारे तस्कर काहींना ओढूनताणून हुशार वाटले, आणि बॉईलच्या वंशभेदी शेऱ्यांवर हसायचे की ते शेरे मारणाऱ्या माणसावर, हा प्रश्न कायम राहिला. मॅकडोना आयरिश आईबापांचे पुत्र असले तरी लंडनमध्ये वाढलेले, त्यामुळे ही नजर घरची की बाहेरची, अशी शंकाही घेता येते.

चित्रपटाने हा वाद आपल्या रचनेतच सामावून घेतला आहे. बॉईल अगदी मठ्ठ आहे की अतिशय चलाख, हे आपल्याला कळत नाही, अशी कबुली एव्हरेट त्याच्या तोंडावरच देतो. शेवटी बोट पेटते, बॉईल दिसेनासा होतो आणि ऑलिंपिकमध्ये पोहल्याची त्याची बढाई खरी असेल तरच तो वाचला असेल, अशा वळणावर कथा थांबते. ती थाप मानायची की नाही, हे ठरवणाऱ्या प्रेक्षकाला बॉईल किती कळला, तेही तिथेच उघड होते.